१०३ मराठा लाइट इन्फंट्रीची मोहरीदाणी, आणि मेसच्या चांदीबद्दल

पितळीदरवाजा

नमस्कार मंडळी,

गेली अकरा वर्षं मी इंग्रजी अमदानीतल्या पलटणींची मेसची चांदी जमवतोय. संग्रह मोठा नाही, सगळे मिळून तेवीस नग. चमचे, मीठदाण्या, जेवणाच्या टेबलावर मेनूचं कार्ड उभं करायची छोटी स्टँडं, नॅपकिनच्या कड्या, एक टोस्ट रॅक. मोठी मेणबत्तीदानं आणि टेबलाच्या मधोमध ठेवायची ती अवाढव्य शिल्पं माझ्या आवाक्यातली नाहीत, आणि घरात ठेवायला जागाही नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पलटणीच्या अधिकाऱ्यांचं एकत्र जेवायचं ठिकाण म्हणजे मेस. तिथली चांदी सहसा सरकारी खर्चातून आलेली नसे, अधिकाऱ्यांनी पदरचे पैसे घालून ती जमवलेली असे. कुणाला बढती मिळाली, कुणाचं लग्न झालं, कुणी पलटण सोडून निघालं, की मेसला एखादी वस्तू भेट द्यायची रीत होती. त्यात पोलोचे आणि नेमबाजीचे कप येऊन मिळायचे. लढाईत हाती लागलेल्या वस्तूही असायच्या. स्पेनमध्ये व्हिटोरियाच्या लढाईत (१८१३) ब्रिटिशांच्या १४ व्या लाइट ड्रॅगून्सनी नेपोलियनचा भाऊ जोसेफ बोनापार्ट याचं सामान लुटलं, त्यात त्याचं रात्री वापरायचं चांदीचं भांडं सापडलं. त्या पलटणीनं त्याला 'एम्परर' असं नाव दिलं आणि पुढे मेसमध्ये त्यातून शॅम्पेन प्यायची प्रथाच पाडली. म्हणजे मेसची चांदी ही पलटणीची वहीच आहे, फक्त कागदाऐवजी धातूवर लिहिलेली. म्हणून मला तिच्यावरचा मजकूर तिच्या वजनापेक्षा मोलाचा वाटतो.

आता मूळ मुद्दा. मागच्या महिन्यात जुन्या बाजारात एका टोपलीत पितळेचे नळ, कुलपं आणि अडकित्ते यांच्याखाली मला एक मोहरीदाणी मिळाली. गोल, बिजागरीचं झाकण, झाकणाला चमच्यासाठी खाच. आतली निळ्या काचेची वाटी गायब आहे. पोटावर बिगुल कोरलाय, त्याच्या दोरीला गाठ आहे आणि मधल्या जागेत '१०३' हा आकडा. बिगुलाखाली एक ओळ होती, ती कुणीतरी घासून काढलीय. बोट फिरवलं की तिथे पत्रा किंचित खोलगट लागतो. तळाला चार छाप आहेत आणि त्यांच्या शेजारी सुईनं ओरखडल्यासारखी काहीतरी खूण आहे. ती मला लागत नाही.

कुणाला वाचता येईल का? फोटो जोडतोय.

नाणेघाट

अभिनंदन, हा नग नशीबवानालाच मिळतो.

पलटणीचं नाव आणि आकडा यांवरून काळ बराच पक्का करता येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुंबई इलाख्याच्या सैन्यातल्या पलटणींना आधी साधे आकडे होते. तिसरी बाँबे, पाचवी बाँबे, दहावी बाँबे असे. १८८५ पर्यंत नावात 'नेटिव्ह' हा शब्द असायचा, त्या वर्षी तो काढला. १९०३ मध्ये तेव्हाचा सरसेनापती किचनर यानं सगळ्या हिंदी सैन्याची एकच क्रमवारी लावली आणि मुंबईच्या पायदळाच्या आकड्यांत शंभर मिळवले. तिसरी होती ती १०३ झाली, पाचवीची १०५, दहावीची ११०. मग १९२२ मध्ये पुन्हा फेररचना होऊन या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. १०३ झाली पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी.

तेव्हा नुसतं '१०३' कोरलंय याचा अर्थ १९०३ ते १९२२. '३' असतं तर त्याआधीचं, '१/५' असतं तर त्यानंतरचं. तुमची मोहरीदाणी जंगी पलटणीची आहे, जिची उभारणी १७६८ ची. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन ती हीच. आणि बिगुल ही लाइट इन्फंट्रीची खूण, तीही जुळते.

गोऱ्या पलटणींची चांदी असेल तर १८८१ हे वर्ष लक्षात ठेवा. त्याआधी पलटण आकड्यानं ओळखली जायची, त्यानंतर परगण्याच्या नावानं. मुकुट कोरलेला असेल तर त्याच्या कमानी बघा. व्हिक्टोरियाच्या काळातला मुकुट मधोमध दबलेला असतो, १९०१ नंतरचा घुमटासारखा गोल वर गेलेला. आपल्याकडे १९५० ला प्रजासत्ताक झालं तेव्हा मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

एकच शंका. कोरीवकाम वस्तूच्या वयाचंच आहे ना? साधी जुनी मोहरीदाणी घेऊन तिच्यावर आज पलटणीची खूण कोरून विकणारे आहेत. मूळ कोरीवकामाच्या कडा शंभर वर्षांच्या पुसण्यानं मऊ झालेल्या असतात, आणि भांड्याच्या सगळ्यात फुगीर भागावर ते जास्त पुसट असतं. नवं काम सगळीकडे सारखं धारदार लागतं.

पितळीदरवाजा

नाणेघाट, फार आभारी आहे. भिंगातून पाहिलं. बिगुलाचं तोंड पोटाच्या फुगवट्यावर येतं, तिथल्या रेघा जवळजवळ गेल्यात. दोरीची गाठ खोबणीत आहे, ती अजून ठसठशीत आहे.

कसवटी

आमचा तीन पिढ्यांचा सराफीचा धंदा. चांदीवरचं वाचायचं वेड मला वडिलांकडून आलं.

फोटोत तळाचे छाप चांगले आलेत. नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची खूण. (बिबट्याचं तोंड असतं तर लंडन, मुकुट असता तर शेफील्ड. बर्मिंगहॅम शहर समुद्रापासून दूर, तरी खूण नांगराची, म्हणून नवे लोक हमखास फसतात.) चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. एक अक्षर वर्षाचं. ते दरवर्षी बदलायचं, पण जानेवारीत नव्हे, वर्षाच्या मध्यात. म्हणून एका अक्षरावर दोन सालं बसतात. आणि चौथा छाप बनवणाऱ्याच्या आद्याक्षरांचा. राजाराणीच्या मुखवट्याचा पाचवा छाप तुमच्याकडे नाही, तो कर भरल्याची खूण म्हणून १७८४ ते १८९० असायचा. म्हणजे छापांवरूनही वस्तू १८९० नंतरचीच ठरते आणि नाणेघाट यांच्या हिशोबाशी मेळ बसतो.

आता एक काम करा. झाकण उघडून आतल्या बाजूला सिंहाचा छाप आहे का बघा. इंग्रजी कायद्यानं सुटे आणि जोडलेले भागही छापावे लागत. झाकण कोरं असेल तर ते बदललेलं असण्याचा दाट संभव.

फसवणूक सगळ्यात जास्त मुलाम्याच्या मालात होते. एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये विजेनं चांदी चढवण्याचं पेटंट घेतलं, आणि मग मेसमध्येही रोजच्या वापराला असाच माल आला. खाली ई, पी, एन, एस ही चार अक्षरं चार वेगळ्या ढालींत अशी छापलेली असतात की लांबून हॉलमार्कच वाटावा. आत असतं निकल सिल्व्हर, ज्याला आपण जर्मन सिल्व्हर म्हणतो, म्हणजे तांबं, जस्त आणि निकल. नावात सिल्व्हर असलं तरी चांदीचा त्यात कणही नाही. कडा, चमच्याचं टोक, हँडलचा वाकडा भाग अशा घासल्या जाणाऱ्या जागी पिवळट छटा दिसली की ओळखावं.

घरच्या घरी खात्री करायची तर वजन आणि पाणी. चमचा आधी कोरडा तोला. मग वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा, चमचा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी चमच्यानं सारलं. ६२ ग्रॅमच्या चमच्यानं ६ ग्रॅम पाणी सारलं तर घनता १०.३ च्या वर आली, ती स्टर्लिंगला जुळते. त्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा चमचा सात ग्रॅमच्या वर पाणी सारेल. दोन ओरखडे घासून कसोटीला लावण्यापेक्षा हे बरं, वस्तूला धक्का लागत नाही.

पोकळ वस्तूला मात्र हे चालत नाही. मी धंद्यातला असूनही सुरुवातीला एका बाहेरगावच्या विक्रेत्याकडून मेणबत्तीदानांची जोडी वजनावर घेतली. छाप खरे, चांदी खरी. घरी येऊन तळाचं मखमलीचं कापड काढलं तर आत राळ भरलेली. पत्रा कागदासारखा पातळ, आणि वजनाचा मोठा भाग राळेचाच. तोल सावरावा म्हणून मेणबत्तीदानं अशी भरायची पद्धतच होती, मलाच ती ठाऊक हवी होती. वडील त्या दिवशी काही बोलले नाहीत, फक्त ती जोडी दुकानात माझ्या डोळ्यांसमोर ठेवून दिली. अजून तिथेच आहे.

शमीवृक्ष

उत्तम धागा. सगळी मेसची चांदी विलायतेहूनच यायची का?

नाणेघाट

नाही, शमीवृक्ष. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी, मद्रासची पी. ऑर आणि सन्स यांचा माल हिंदुस्थानातल्या मेसमध्ये भरपूर होता. कच्छी काम वेगळंच, भुजचे उमरसी मावजी यांचे नग हातात घेतले की कळतं, पानाफुलांची ठोकून उठवलेली नक्षी इतकी दाट की बोट टेकायला मोकळी जागा नाही. मद्रासची स्वामी नक्षी म्हणजे भांड्याभोवती देवदेवतांच्या रांगा. गोऱ्या साहेबाच्या चहादाणीवर आपले देव बसलेले, त्या भांड्यांसमोर मी तासन् तास बसू शकतो.

इकडे सरकारी तपासणी कचेरी नव्हती, त्यामुळे हिंदुस्थानी मालावर कायदेशीर हॉलमार्क सापडायचा नाही. कारखानदार आपलं नाव किंवा विलायती छापांसारखे दिसणारे स्वतःचे छाप मारत. चांदीही पुष्कळदा रुपये वितळवून केलेली. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात बारात अकरा भाग चांदी. स्टर्लिंगपेक्षा कस किंचित कमी. म्हणून देशी नगाचा कस ९२५ च्या खाली आला तर लगेच खोटा म्हणू नका.

मावळतीचा_वारा

एक मनापासून विचारतो, राग मानू नये. ही चांदी कुणाची होती? ज्या अधिकाऱ्यांनी आपल्या माणसांवर राज्य केलं त्यांच्या जेवणाच्या टेबलावरची. त्या टेबलाशी शिपायाला बसायची मुभा नव्हती. तेवीस नगांवर एका तरी मराठी माणसाचं नाव आहे का? मग आपण हे जपायचं कशासाठी?

पितळीदरवाजा

प्रश्न रास्त आहे, मलाही तो पडतो. माझ्याकडच्या एकाही नगावर मराठी नाव नाही. हे मी लपवणार नाही.

सुभेदारपुत्र

मावळतीचा_वारा, मी उत्तर देऊ का? माझे पणजोबा सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होते. पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणींची माणसं अडकली होती. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. शेवटी शेवटी घोडे कापून खाल्ले. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या कैदेत गेले आणि त्यांतले हजारो परतले नाहीत. पणजोबा परतले. त्यांच्यामागे घरात राहिलं एक पदक आणि एक पितळी तांब्या. पत्र नाही, फोटो नाही.

पलटण लढाईवर निघाली की मेसची चांदी पेट्यांत भरून मागे डेपोत ठेवायची रीत होती. म्हणजे माणसं कूतला उपाशी होती तेव्हा या असल्या मोहरीदाण्या गवतात गुंडाळून सुखरूप होत्या. मला हे वाचून राग येतो, येऊ द्यावा. पण १०३ हा आकडा माझ्या पणजोबांच्या खांद्यावरही होता. तो आकडा असलेली वस्तू भट्टीत जाऊन तिची पैंजणं झाली, तर त्या काळाची आणखी एक खूण गेली. साहेबाची तर गेलीच, आमचीही गेली. पितळीदरवाजा यांनी ती जपावी असं मला वाटतं, आणि लेबल लिहिताना १०३ खाली कूतचाही उल्लेख करावा.

मावळतीचा_वारा

पटलं. तुमच्या पणजोबांना नमस्कार.

अनघा_क

सुभेदारपुत्र, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी वस्तुसंग्रहालयात जतनाचं काम करते, म्हणून पितळीदरवाजा यांना हात जोडून विनंती: ती मोहरीदाणी उजळायला कुठेही देऊ नका. घासकामाच्या चाकावर एकदा धरली की उरलेला बिगुलही जाईल. घरी दातपावडर, रांगोळी, चिंच, राख यातलं काही लावू नका. दातपावडरीनं भांडं लख्ख होतं कारण तिच्यातली खर चांदीचाच थर खरवडून नेते. अॅल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी हा उपाय सगळीकडे फिरतोय. त्यानं काळेपणा जातो हे खरं, पण कोरीव रेघांच्या तळातला जो काळा रंग मजकूर वाचायला मदत करतो तोही जातो, आणि राळ भरलेल्या वस्तूत पाणी शिरलं तर ते बाहेर निघत नाही.

काळेपणा गंधकानं येतो. म्हणून चांदी लोकरीत, वर्तमानपत्रात किंवा रबरबँड लावून ठेवू नये. रबरबँडची काळी रेघ मी वीस वर्षांनंतरही तशीच पाहिलीय. धुतलेल्या सुती मलमलीत गुंडाळा, डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, आणि हाताळताना सुती मोजे घाला. मोहरी आणि मीठ चांदी खातात, निळी काच त्यासाठीच असायची. नवी काच बसवून घेतलीत तर हरकत नाही, फक्त ती नवी आहे हे नोंदवहीत लिहा.

घासलेल्या ओळीवर हा प्रयोग करा. खोली थोडी थंड, दिवा एका बाजूनं, अगदी आडवा. भांड्यावर तोंडाची वाफ सोडा आणि वाफ उडत असताना बघत राहा. कोरताना धातू दबलेला असतो, त्यामुळे वरचा थर गेला तरी कधी कधी अक्षरांच्या जागी वाफ वेगळी उडते. दोन-तीन सेकंदच मिळतात. मोबाईल स्टँडवर लावून व्हिडिओ घ्या.

शमीवृक्ष

कायद्याचं काय? परदेशातला भाऊ म्हणतोय, एखादा नग तिकडे पाठव.

नाणेघाट

पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. १९१२ ची मीठदाणी २०१२ पासून त्यात आली. वय शंभरच्या आत आहे असं वाटत असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, तेव्हा पावती मागाच.

आणि आजही चालू असलेल्या एखाद्या पलटणीची खूण असलेली मोठी वस्तू समोर आली, तर ती मेसमधून बाहेर कशी आली हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नका. उत्तर समाधानकारक नसेल तर त्या पलटणीच्या रेजिमेंटल सेंटरला कळवा. मराठ्यांचं बेळगावला आहे.

मोडीवाचक

उशिरा आलो. तळाचा तो ओरखडा मी फोटो मोठा करून पाहिला. ती खूण मोडी आहे. पहिलं अक्षर 'तो', म्हणजे तोळे. पुढे १२ आणि त्यापुढे दोन उभ्या रेघा, म्हणजे अर्धा. साडेबारा तोळे. कुण्या मराठी सराफानं वजन करून सुईनं नोंदलंय. आमच्या गावाकडच्या चांदीच्या ताटांखाली अशा खुणा मी कितीतरी वाचल्यात. वस्तू गहाण आली किंवा विकत घेतली की असं लिहून ठेवायचे.

कसवटी

वा, मोडीवाचक! पितळीदरवाजा, आजच्या आज तोला आणि ग्रॅम कळवा.

पितळीदरवाजा

काच नाहीच, त्यामुळे सरळ तोलली. १४३.२ ग्रॅम. झाकणाच्या आत सिंह आहे, अगदी पुसट, पण आहे.

कसवटी

मग हिशोब बघा. आज बाजारात तोळा म्हणजे दहा ग्रॅम, त्या मापानं साडेबारा तोळे १२५ ग्रॅम होतात, ते जुळत नाहीत. जुना तोळा ११.६६ चा. साडेबारा गुणिले ११.६६ म्हणजे १४५.८. तुमच्या वजनाशी अडीच ग्रॅमचा फरक. म्हणजे वजन जुन्या तोळ्यानं झालंय. दशमान वजनं १९५८ पासून लागू व्हायला लागली, तेव्हा ही सुई बहुतेक त्याच्या आधी फिरली. घासलेली ओळ फोटोवरून तीन सेंटिमीटर लांब, एक रुंद वाटते. तिथला पाव-अर्धा मिलिमीटर पत्रा गेला असेल तर एक-दीड ग्रॅम तिथेच गेला. उरलेला पुसण्यात. म्हणजे सराफाकडे आली तेव्हा नाव बहुधा अजून शाबूत होतं.

सुभेदारपुत्र

मग तेवीस नगांवर एकही मराठी अक्षर नाही, हे आता खरं राहिलं नाही.

पितळीदरवाजा

मंडळी, काल रात्री अनघाताईंनी सांगितलं तसं केलं. पंखा बंद, दिवा टेबलाच्या पातळीला, मुलीनं मोबाईल धरला. पहिल्या सहा-सात वेळा काही नाही. मग एकदा वाफ उडताना ओळीच्या उजव्या टोकाला काहीतरी हललं. व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. नाव गेलंय, तिथे नुसता खड्डा आहे. पण ओळीचा शेवट घासणाऱ्याच्या हातून थोडा सुटलाय. इंग्रजी अक्षरं आहेत, शेवटचा शब्द 'लीव्हिंग' असा लागतो आणि त्याआधी 'ऑन'. म्हणजे कुणीतरी पलटण सोडून जाताना दिलेली भेट.

नोंदवहीत आज लिहिलं: क्र. २३, मोहरीदाणी, बर्मिंगहॅम, १०३ मराठा लाइट इन्फंट्री, निरोपाची भेट, देणाऱ्याचं नाव घासलेलं. तळाला मोडीत तो १२॥. पलटण कूतच्या वेढ्यात होती, १९१५-१६. काच नाही.

व्हिडिओ खाली जोडतोय. चौदाव्या सेकंदाला बघा.